टोकामॅकमधील प्लाझ्मा आणि त्याचे नियंत्रण : प्रस्तावना

सामान्य वाचकासाठी अणुसंमीलनाविषयी जे काही लिहिले जाते, त्यात तापमानाचा आकडा हटकून सुरुवातीलाच येतो. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांची केंद्रके एकमेकांत मिसळायची तर त्यांचा वायू सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, सूर्याच्या गाभ्यातील तापमान याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके भरते, आणि एवढी उष्णता सोसणारा पदार्थ पृथ्वीवर नसल्यामुळे तो वायू चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरावा लागतो, असे हे निरूपण आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. त्यात चुकीचे काही नाही. मात्र खरी अडचण तापवण्यातच आहे असा समज त्यातून उगाच दृढ होतो. जपानमधील जेटी-६०यू या यंत्राने १९९६ मध्येच ५२ कोटी अंशांचे तापमान गाठले होते, म्हणजे तापवण्याची विद्या हाती येऊन एक पिढी उलटली आहे. मागे राहिला आहे तो तापलेल्या प्लाझ्माला नेमून दिलेल्या जागी, नेमून दिलेल्या आकारात आणि हवा तितका वेळ राखण्याचा प्रश्न, आणि तो पदार्थविज्ञानाइतकाच नियंत्रणशास्त्राचा आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हाच असून, भौतिकीच्या ग्रंथांत त्याला बहुधा परिशिष्टाची जागा मिळते, हे त्याच्या महत्त्वाला शोभणारे नाही.

नियंत्रणशास्त्राची मध्यवर्ती कल्पना प्रतिसंभरणाची आहे, ज्याला व्यवहारात सगळे फीडबॅक म्हणतात : एखादी राशी सतत मोजत राहायची, ती अपेक्षित मूल्यापासून किती ढळली हे पाहायचे आणि त्या ढळण्याच्या प्रमाणात उलट दिशेने उपाय करायचा. ज्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय समीकरणांवर प्लाझ्माचे सारे शास्त्र उभे आहे, त्यांनीच १८६८ मध्ये वाफेच्या यंत्राचा वेग कायम राखणाऱ्या गव्हर्नर नावाच्या साधनावर निबंध लिहिला आणि असे साधन चुकीच्या प्रमाणात किंवा चुकीच्या वेळी उपाय करू लागले तर यंत्र सावरण्याऐवजी तेच त्याला हेलकावे देऊ लागते, याचे गणित मांडले. उपाय योग्य असूनही उशिरा झाला तर तो अपाय ठरतो, ही त्या गणिताची खूणगाठ टोकामॅकच्या बाबतीत पदोपदी उपयोगी पडते.

टोकामॅक म्हणजे पोकळ कंकणाच्या आकाराचे निर्वात पात्र, ज्याभोवती विद्युतचुंबकांची वेटोळी बसवलेली असतात. इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव्ह यांच्या १९५०च्या सुमाराच्या कल्पनेतून हे यंत्र सोव्हिएत संघात आकाराला आले. प्लाझ्मा, म्हणजे ज्यातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा विद्युत्वाहक वायू, या कंकणात गोल फिरतो. मधोमध उभ्या असलेल्या वेटोळ्यातील प्रवाह बदलला की रोहित्राच्या दुय्यम गुंडाळीत प्रवाह उत्पन्न व्हावा तसा तो प्लाझ्मात उत्पन्न होतो. आणि बाहेरच्या वेटोळ्यांचे क्षेत्र व प्लाझ्मातील प्रवाहाचे क्षेत्र यांच्या संयोगाने पीळदार बलरेषा तयार होतात, ज्यांना धरून कण कंकणातच फिरत राहतात. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांच्या गटाने टी-३ या यंत्राचे निष्कर्ष सांगितले तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी ब्रिटनमधील कल्हम प्रयोगशाळेचा गट शीतयुद्धाच्या ऐन काळात आपली लेसर सामग्री घेऊन मॉस्कोला गेला आणि त्याच्या मोजणीत सुमारे १ कोटी अंशांचे तापमान खरे ठरले. त्यानंतर काही वर्षांतच जगभरातल्या प्रयोगशाळा टोकामॅककडे वळल्या. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत केले होते. ते फसले, पण त्यांनी वापरलेले ‘नियंत्रितपणे’ हे क्रियाविशेषण आज पाहता भाकितापेक्षा अधिक नेमके वाटते.

टी-३च्या काळी नियंत्रणाचा प्रश्न तितकासा जाणवत नव्हता, याचे कारण तांब्याच्या जाड कवचात होते. प्रवाह वाहणारे कोणतेही कडे स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्रामुळे पसरू पाहते, म्हणून प्लाझ्माचे कंकण मोकळे सोडले तर ते बाहेरच्या भिंतीकडे सरकते. भोवती तांब्याचे कवच असेल तर सरकणाऱ्या प्लाझ्मामुळे त्या कवचात भोवरा प्रवाह उत्पन्न होतात आणि ते प्लाझ्माला मागे लोटतात. यासाठी कोणाला काही मोजावे लागत नाही की हुकूम सोडावा लागत नाही. परंतु तांब्याला रोध असतो, त्यामुळे हे प्रवाह हळूहळू विझतात आणि त्यांचा धाक संपतो. प्रयोग काही सहस्रांश सेकंदांत आटोपत होते तोवर हे चालून गेले. ते सेकंदांवर जाऊ लागले तेव्हा पसरण्याच्या बलाला तोलणारे उभे चुंबकीय क्षेत्र बाहेरून लावणे आणि प्लाझ्मातील दाब व प्रवाह बदलतील तसे ते क्षणोक्षणी कमीजास्त करणे भाग पडले.

या पुस्तकाचा मोठा भाग मात्र व्यापला आहे तो दुसऱ्या, अधिक हट्टी अस्थैर्याने, आणि ते माणसाने जाणूनबुजून ओढवून घेतलेले आहे. प्लाझ्माचा छेद गोल ठेवला तर वर-खाली सरकण्याची त्याला मुळीच ओढ नसते. पण आर्त्सिमोविच आणि व्हिताली शाफ्रानोव्ह यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की छेद उभट केला तर त्याच आकारमानाच्या यंत्रात अधिक प्रवाह सुरक्षितपणे वाहू देता येतो. आणि प्रवाह जितका अधिक, तितकी उष्णता धरून ठेवण्याची प्लाझ्माची क्षमता अधिक. हा लाभ सोडवेना, म्हणून आजचे जवळजवळ सर्व मोठे टोकामॅक इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या उभट छेदाचे आहेत. छेद उभट करण्यासाठी वर आणि खाली अशी वेटोळी ठेवतात की त्यांतील प्रवाह प्लाझ्मातील प्रवाहाच्याच दिशेने वाहतो आणि दोन्ही बाजूंनी त्याला ओढतो. आता प्लाझ्मा किंचित वर सरकला की वरच्या वेटोळ्याची ओढ वाढते, खालच्याची घटते, त्यामुळे तो आणखी वर जातो, आणि हे असेच वाढत जाते.

या स्थितीसाठी तळहातावर उभी तोललेली काठी हा दाखला नेहमी दिला जातो. तो एका मर्यादेपर्यंत ठीक आहे. पण काठीला वस्तुमान असते, ते तिला कलायला वेळ लावते आणि तेवढ्या वेळात हात हलवता येतो. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या इटर या यंत्रात ८४० घनमीटर जागा व्यापणाऱ्या प्लाझ्माचे एकूण वजन एका ग्रॅमच्याही आत भरेल. अशा पदार्थाला जडत्व जवळजवळ नाहीच. केवळ त्याच्या जडत्वावर विसंबायचे तर तो सेकंदाच्या दशलक्षांश भागांत भिंतीवर आदळेल, आणि तेवढ्या अवधीत त्याला आवरू शकणारे विद्युत्यंत्र कोणाजवळही नाही. सवड मिळते ती पात्राच्या धातूच्या भिंतीमुळे : त्याच जुन्या भोवरा प्रवाहांनी प्लाझ्माचा पळ मंदावतो आणि अस्थैर्य वाढण्याचा कालावधी मायक्रोसेकंदांवरून मिलिसेकंदांवर येतो. भिंत प्लाझ्माला थांबवत नाही, फक्त अवधी मिळवून देते, आणि साऱ्या ऊर्ध्व नियंत्रणाची भिस्त त्या उसन्या अवधीवर असते.

या अवधीत काय काय उरकावे लागते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रथम प्लाझ्मा कोठे आहे हे कळले पाहिजे, आणि त्याच्या आत काही घालून मोजण्याची सोय नसल्यामुळे ते बाहेरूनच ताडावे लागते. पात्राच्या भिंतीवर जागोजागी तारेची लहान वेटोळी बसवलेली असतात. त्यांच्या टोकांशी मिळणारा विद्युत्दाब चुंबकीय क्षेत्राच्या बदलाच्या वेगाशी प्रमाणबद्ध असतो, प्रत्यक्ष क्षेत्राशी नव्हे. क्षेत्र हवे असेल तर या दाबाची काळावर बेरीज करत जावे लागते आणि ते काम संकलक नावाचे इलेक्ट्रॉनिक मंडल करते. मंडलात काही मायक्रोव्होल्टची जरी कायमची चूक असली तरी तीही प्रत्येक क्षणी बेरजेत मिळवली जाते. दोन सेकंदांच्या प्रयोगात ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. पण इटरचा प्रयोग चारशे सेकंद चालावा अशी अपेक्षा आहे, आणि कादाराशलाच असलेल्या वेस्ट या यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला, तेव्हा अशा अवधीत साचलेली चूक नियंत्रकाला प्लाझ्मा प्रत्यक्षाहून वेगळ्या जागी दाखवू शकते, आणि नियंत्रक आज्ञाधारकपणे त्याला खोट्या जागेवरून ‘खऱ्या’ जागी ढकलू लागतो. म्हणूनच इटरच्या पात्राबाहेर बिस्मथचे हॉल संवेदक बसवले जात आहेत, जे क्षेत्र सरळ मोजतात आणि ज्यांना बेरजेची गरज पडत नाही. संमीलनाच्या महाकाय यंत्रांचे यशापयश मायक्रोव्होल्टच्या चुकीत अडकावे, हे या क्षेत्राचे खास लक्षण म्हणता येईल.

या मोजमापांवरून प्लाझ्माची सीमा आखणे हे गणितातील उलटे कोडे आहे : कारणावरून परिणाम काढण्याऐवजी बाहेर दिसणाऱ्या परिणामांवरून आतले कारण शोधायचे. त्याचा आधार म्हणजे ग्रॅड-शाफ्रानोव्ह समीकरण, ज्यात प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय बले यांचा समतोल मांडलेला असतो. लँग लाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली ई-फिट ही पद्धत आरंभी प्रयोग संपल्यावर निवांतपणे चालवली जाई. सॅन दिएगो येथील डीथ्री-डी यंत्रावर १९९०च्या दशकात तीच प्रयोग चालू असताना चालवता येऊ लागली, आणि प्लाझ्माच्या केवळ मध्यबिंदूऐवजी त्याच्या संपूर्ण आकारावर नियंत्रण ठेवणे तेव्हा खऱ्या अर्थाने शक्य झाले.

सीमा कळल्यावर नियंत्रक हिशेब करतो, वीजपुरवठ्याला हुकूम देतो, वेटोळ्यातील प्रवाह त्याच्या प्रेरकत्वामुळे संथपणे बदलतो आणि नवे क्षेत्र भिंतीतून झिरपत प्लाझ्मापर्यंत पोहोचते. येथे भिंतीची दुसरी बाजू पुढे येते : जी भिंत प्लाझ्माला मंदावते, तीच बाहेरून येणारे दुरुस्तीचे क्षेत्रही तितक्याच निष्ठेने अडवून धरते. शिवाय इटरची मुख्य वेटोळी अतिवाहक आहेत. त्यांतील प्रवाह भरभर बदलला तर ती तापतात आणि अतिवाहकताच गमावण्याचा धोका उभा राहतो. त्यावर तोडगा म्हणून ऊर्ध्व नियंत्रणाची दोन तांब्याची वेटोळी पात्राच्या आत, प्लाझ्माच्या अगदी शेजारी बसवण्याचे ठरले. आत म्हणजे न्यूट्रॉनांच्या थेट माऱ्यात; तेथे प्लॅस्टिक किंवा रेझिनचे विद्युतरोधक टिकाव धरत नाहीत, म्हणून या तारांना मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीचे खनिज आवरण द्यावे लागते. नियंत्रणाच्या समीकरणातील एक विलंब कमी करण्यासाठी यंत्रातल्या सर्वांत दुर्गम आणि दुरुस्तीला सर्वांत अवघड जागी तांबे घालावे लागले, यावरून त्या विलंबाची किंमत लक्षात यावी.

नियंत्रण सुटले तर काय होते, हे या क्षेत्रातल्या लोकांना अनुभवाने चांगले ठाऊक आहे. प्लाझ्मा वर किंवा खाली जाऊन भिंतीला टेकतो, त्यातील प्रवाहाचा काही भाग थेट धातूच्या पात्रातून वाट काढतो आणि भोवतालच्या प्रबळ क्षेत्रामुळे पात्रावर प्रचंड बल येते. ब्रिटनमधील जेट या यंत्राचे अवजड पात्र अशा प्रसंगी काही मिलिमीटर हलल्याच्या नोंदी आहेत. संपूर्ण प्लाझ्मा अचानक कोसळण्याच्या घटनेला डिसरप्शन म्हणतात. त्यात साठलेली उष्णता काही मिलिसेकंदांत भिंतीवर ओतली जाते, मागोमाग प्रवाह विझतो, आणि विझणाऱ्या प्रवाहातून उत्पन्न होणारा विद्युत्दाब काही इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या जवळपास वेगाने पिटाळतो; असा इलेक्ट्रॉनांचा झोत भिंतीच्या एका जागी आदळला तर तेथला धातू वितळतो. इटरमधील प्रवाह दीड कोटी अँपिअरचा असणार आहे. म्हणून तेथील नियंत्रकाला प्लाझ्मा सांभाळण्याबरोबर तो केव्हा सांभाळता येणार नाही हेही ओळखावे लागेल, आणि वेळ आलीच तर गोठवलेल्या हायड्रोजन व निऑनच्या गोळ्यांचा चुरा करून तो प्लाझ्मात फेकण्याचा, म्हणजे प्रयोग स्वतःहून शक्य तितक्या सौम्यपणे मारण्याचा, निर्णय घ्यावा लागेल.

आकार आणि जागा सांभाळली की काम संपले असेही नाही. प्लाझ्माच्या आत बलरेषा काही ठिकाणी तुटून पुन्हा जुळतात आणि त्यातून चुंबकीय बेटे तयार होतात. बेट वाढत गेले की आतली उष्णता त्यातून बाहेर गळते आणि पुष्कळदा डिसरप्शनची सुरुवात तेथूनच होते. त्यावर उपाय म्हणजे जायरोट्रॉन नावाच्या साधनातून सूक्ष्मतरंगांचा बारीक झोत, इटरच्या बाबतीत १७० गिगाहर्ट्झचा, नेमक्या त्या बेटावर सोडून तेथे हरवलेला प्रवाह भरून काढणे. बेट जेमतेम काही सेंटिमीटर रुंद असते, शिवाय प्लाझ्माबरोबर फिरत असते, म्हणून झोत वळवणारे आरसे प्रयोग चालू असतानाच फिरवत राहावे लागतात. याखेरीज १९८२ मध्ये गार्शिंग येथील ॲस्डेक्स यंत्रावर फ्रीडरिश व्हाग्नर यांना आढळलेल्या उच्च धारणेच्या अवस्थेत प्लाझ्माच्या कडेवर ठराविक अंतराने होणारे स्फोट, खालच्या बाजूला राखेसारखा हेलियम बाहेर काढणाऱ्या डायव्हर्टर या भागावर पडणारी उष्णता, इंधनाची घनता अशी कितीतरी लहानमोठी चक्रे एकाच वेळी फिरत असतात आणि एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने या शाखेकडे प्रथमच सर्वसामान्य वृत्तपत्रांचे लक्ष गेले. लोझान येथील टीसीव्ही या टोकामॅकवर डीपमाइंड या कंपनीने आणि तेथील स्विस प्लाझ्मा केंद्राने मिळून, संगणकीय प्रतिरूपावर स्वतःच शिकलेल्या एका चेतापेशीजालाच्या हाती प्लाझ्मा दिला. ते जाल सेकंदाला दहा हजार वेळा ९२ मोजमापे वाचत होते आणि १९ वेटोळ्यांना दाबाचे हुकूम देत होते. प्रत्येक राशीसाठी वेगळे चक्र बांधण्याच्या परंपरेऐवजी एकाच नियंत्रकाने सारे सांभाळले, आणि एकाच पात्रात दोन स्वतंत्र प्लाझ्मा काही काळ धरून दाखवले. त्यापाठोपाठ २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने डीथ्री-डी यंत्रावर चुंबकीय बेटाचा धोका ३०० मिलिसेकंद आधी ओळखून तो टाळणारी पद्धत दाखवली. हे काम निःसंशय उत्तम आहे. त्याचे कौतुक करताना एक भेद मात्र विसरला जातो : असे जाल बहुतेक वेळा बरोबर वागते हे प्रयोगाने दिसते, पण ते कोणत्या मर्यादेत कधीच चुकणार नाही हे जुन्या रेखीय नियंत्रकाप्रमाणे कागदावर सिद्ध करता येत नाही, आणि परवाना देणारी कोणतीही यंत्रणा हीच सिद्धता मागेल. त्या पद्धतीचा खरा फायदा तूर्त तरी नवे आकार आणि नवे मार्ग शोधण्याच्या वेळेत होणाऱ्या बचतीत आहे, असे या पुस्तकातील विवेचनाचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

या साऱ्या खटाटोपातून सुटका करून घेण्याची एक वाट आहे, ती स्टेलरेटरची. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे २०१५ पासून चालू असलेल्या वेन्डेलश्टाइन ७-एक्स या यंत्रात बलरेषांचा पीळ चित्रविचित्र वळणांच्या ५० वेटोळ्यांनी बाहेरूनच दिलेला आहे, प्लाझ्मात मोठा प्रवाह लागत नाही आणि म्हणून त्या प्रवाहाची अस्थैर्येही उद्भवत नाहीत. तेथे अवघडपणा नियंत्रकाकडून कारखान्याकडे सरकला आहे.

भारतात या विषयाचा पाया गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत घातला गेला. तेथील आदित्य या टोकामॅकने १९८९ मध्ये काम सुरू केले. त्याचा प्लाझ्मा गोल छेदाचा होता, आणि २०१६ मध्ये आदित्य-यू म्हणून त्याची पुनर्बांधणी झाली ती मुख्यतः छेदाला आकार देण्यासाठी. इटरच्या भागीदारांत भारत असून त्या यंत्राला वेढणारे सुमारे ३,८५० टनांचे शीतपात्र लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळील हजिरा येथे तयार केले. भारतीय वाचकाला इटर परिचित झाला तो या पोलादामुळे. नियंत्रणाच्या बाजूकडे मात्र आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, ज्या बाजूला पोलाद लागत नाही आणि गणित व संगणक पुष्कळ लागतात.

आतापर्यंतच्या यंत्रांत नियंत्रकाचा वरचष्मा होता, कारण प्लाझ्माला मिळणारी बहुतेक उष्णता बाहेरून दिली जाई आणि ती कमी-अधिक करणे माणसाच्या हाती असे. इटरमध्ये बाहेरून ५० मेगावॅट उष्णता देऊन संमीलनातून ५०० मेगावॅट मिळवण्याचे उद्दिष्ट आहे. संमीलनाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा हेलियमची केंद्रके प्लाझ्मातच सोडतात, म्हणजे प्लाझ्मा स्वतःला १०० मेगावॅटने तापवील आणि नियंत्रकाच्या ताब्यात एकूण उष्णतेचा तिसरा भागच राहील. प्रत्यक्ष वीजकेंद्रात हा भाग आणखी घटेल. त्याच वेळी न्यूट्रॉनांच्या माऱ्यामुळे मोजमापाची नाजूक साधने काढून टाकावी लागतील किंवा भिंतीआड दूर न्यावी लागतील, म्हणजे प्लाझ्मा अधिक स्वतंत्र होत जाईल आणि नियंत्रक अधिक अधू. टीसीव्ही किंवा आदित्य यांसारख्या यंत्रांत शेकडो डिसरप्शन पचवत नियंत्रणाची कला शिकता आली. इटरला पूर्ण प्रवाहावर तशी मुभा फारच थोड्या वेळा मिळेल. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार तेथील संशोधन २०३४ मध्ये सुरू होऊन ड्युटेरियम-ट्रिटियमचा वापर २०३९ मध्ये व्हायचा आहे. तोवर तेथील नियंत्रक संगणकीय प्रतिरूपांवर आणि लहान यंत्रांवर तपासले जात आहेत, आणि नंतरही ट्रिटियमविरहित प्लाझ्मापासून सुरुवात करून प्रवाह पायरीपायरीने दीड कोटी अँपिअरपर्यंत चढवला जाणार आहे.